मामांचा वाळवंटातला बॉयलर

अख्ख्या अमिरातीत रिमोट हातात आल्याबरोबर एसी बंद करणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्याच नात्यात निघाला. हे माझ्या बायकोचे मामा. हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं बॉयलर सांभाळला होता, त्यामुळे बाकीचं जग गारव्याला जपतं तसे ते उबेला जपायचे. शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आले की चपला काढायच्या आधी एसी बंद, आणि मग स्वेटरची बटणं लावत सोफ्यावर बैठक. "आजोबा, इट्स फॉर्टी आउटसाइड!" माझी मुलगी ओरडायची. "बाहेर असेल गं बाळा," मामा शांतपणे म्हणायचे, "मी आत आहे ना!" मग आम्ही तिघं घाम पुसत आणि मामा वाफाळता चहा फुंकत, असा आमचा कौटुंबिक जिव्हाळा रंगायचा.

निवृत्तीनंतर मामा चिपळूणला जातील अशी आमची समजूत होती. पण कारखान्याच्या अरब मालकाने, म्हणजे मामांच्या भाषेत अरबाबने, त्यांना धैदजवळच्या आपल्या शेतावर देखरेखीला नेलं. तिथे मजलिस म्हणजे पाहुण्यांची बैठकीची खोली, कामगारांच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कोंबडीच्या पिल्लांची शेड अशी पाच बांधकामं विखुरलेली होती. वाळवंटातली थंडी दोनच महिन्यांची, पण पहाटे अंगात शिरते. पहिला हिवाळा सरला आणि मामांनी फोन करून जाहीर केलं, की पुढच्या हिवाळ्याआधी एकच लाकडाचा बॉयलर बसवायचा, पाणी तापवायचं आणि जमिनीखालच्या पाइपांतून पाचही ठिकाणी फिरवायचं.

"मामा, दोन महिन्यांसाठी एवढा खटाटोप? प्रत्येक खोलीत एक हीटर ठेवा की."

"हीटर लावले की फ्यूज उडतो. आणि खोलीत विस्तव नको मला," ते एकदम करड्या आवाजात म्हणाले. मग लगेच नेहमीच्या सुरात, "जावईबापू, तुमची गाडी मोठी आहे ना?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला पुढच्या शनिवारी कळला. हमरियातल्या ओळखीच्या गोदामांमधून माल रचायची मोडकी लाकडी पॅलेट्स गोळा करायची होती, आणि त्यासाठी माझी जेमतेम तीन महिन्यांची गाडी मुक्रर झाली होती. मामा पॅलेट अशी निवडत, जशी माझी बायको साडी निवडते. उलटीसुलटी करायची, वास घ्यायचा, शिक्का वाचायचा. "हे नको, याला औषध मारलंय, धूर विषारी. हे बघा, नुसतं तापवलेलं लाकूड. सोनं आहे, सोनं!" ते सोनं माझ्या सीटकव्हरला तीन ठिकाणी भोकं पाडून धैदला पोचलं. पुढे तर शारजाच्या ट्रॅफिक जाममध्येही, शेजारच्या पिकअपमध्ये पॅलेट दिसली की मामा काच खाली करून ड्रायव्हरला विचारायचे, "भाई, ये फेंकने का है क्या?"

खोल्यांत बसवायला रेडिएटर हवे होते. ते मामांनी भंगारातल्या ट्रकांचे आणले. त्यामुळे मजलिसीतल्या उंची गालिच्यावर बसलं, की समोरच्या भिंतीतून एखादी लॉरी आत घुसत असल्याचा भास व्हायचा. उद्घाटनाला अरबाब मित्रांना घेऊन आला. मामांनी उत्साहाच्या भरात दुपारपासूनच भट्टीत लाकूड आणि खजुराच्या झावळ्या कोंबल्या होत्या. दहा मिनिटांत पाहुण्यांचे चेहरे लाल झाले, कॉफीचे पेले हातात तसेच राहिले, आणि अरबाब कपाळ पुसत उठला. "हबीबी, खलास! खलास!" सगळी मैफल बाहेर वाळूवर हलली. मामा माझ्या कानाशी लागून अभिमानाने पुटपुटले, "बघितलंत? चालतोय!"

मी हा किस्सा शारजातल्या प्रत्येक मराठी घरात साभिनय सांगितला. मग जानेवारीत एका सकाळी आम्ही शेतावर मुक्कामाला होतो, तेव्हा इरफान नावाचा बिहारी कामगार माझ्यासाठी चहा घेऊन आला. मी हसत म्हणालो, "मामा का पागलपन अच्छा चल रहा है."

तो हसला नाही. आदल्या हिवाळ्यात त्याने आणि त्याच्या सोबत्याने कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावलं होतं, आणि दोघंही झोपेतच बेशुद्ध पडले होते. पहाटे हाक मारूनही कोणी बोलेना, तेव्हा मामांनी कुऱ्हाडीने दार फोडून दोघांना ओढत बाहेर काढलं, आणि अँब्युलन्स येईपर्यंत वाळूत बसून त्यांचे तळपाय चोळत राहिले. "साब, मामा रो रहे थे," इरफान म्हणाला. "बोले, सत्ताईस साल आग संभाली, और यहाँ ध्यान नहीं दिया."

आम्हाला मामांनी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. त्यानंतर तो किस्सा मी कुठे सांगितला नाही.

दोन हिवाळे मामांनी बॉयलर चालवला. मग मामांचे गुडघे थकले, व्हिसाही संपला, आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये ते चिपळूणला परतले. विमानतळावर आमच्याशी चार शब्द बोलले असतील. बाकी सगळा वेळ फोनवर इरफानला पंपाचे वॉल्व्ह समजावत होते.

डिसेंबरात एका पहाटे मी ताजी भाजी आणायला शेतावर गेलो. गाडीतून उतरलो तर दात वाजायला लागले. इरफान बॉयलरपाशी उभा राहून मामांना व्हिडिओ कॉलवर भट्टी दाखवत होता. मामा स्क्रीनला डोळे लावून एकेका खोलीची चौकशी करत होते, मजलिसची सगळ्यात शेवटी. मी दिसताच म्हणाले, "बरं झालं आलात. काही घाईत नाही ना तुम्ही?"

"नाही मामा."

"मग जरा थांबा तिथे. यंदाची पहिलीच थंडी आहे. खोल्यांतली पोरं अजून झोपलीयत."

भाजी घेऊन लगेच निघायचं, असं मी घरी सांगून आलो होतो. मी एक खुर्ची ओढली आणि ऊन वर येईपर्यंत बॉयलरजवळ बसून राहिलो.