गेटवर अडकलेला दहावा माणूस

मशीहा येणार आहे, ही गोष्ट आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीत दोघांनाच पक्की ठाऊक आहे. एक माझे बाबा आणि दुसरा वॉचमन भानुदास.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. मशीहाची, म्हणजे तारणहाराची, रोज वाट पाहायची, हा आमचा धर्म. त्याची वर्दी द्यायला आधी एलियाहू नबी, म्हणजे देवाचे प्रेषित, येणार, तेही साध्या म्हाताऱ्याच्या वेषात. (गेटवर मोबाईल नंबर लिहावा लागतो, हे नबींना कोण सांगणार?) म्हणून बाबांनी भानुदासला सांगून ठेवलं होतं, "पांढऱ्या दाढीचा कुणीही आला तरी नाव विचारू नकोस. थेट वर सोड." तेव्हापासून एक विमा एजंट, एक गादीवाला आणि आळंदीचे दोन बुवा आमच्याकडे पोटभर जेवून गेले.

आईला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी घरी मलिदा होता. मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं, फळं, असं एलियाहूंच्या नावाचं ताट. सकाळीच तिसरे बुवा आले आणि बाबांनी त्यांना ताटातली सगळी केळी देऊन टाकली! मी पडलो सोसायटीचा सेक्रेटरी. तडक खाली जाऊन भानुदासला बजावलं, "आज एकही दाढीवाला वर येता कामा नये."

आईसाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायची तर दहा यहुदी पुरुष लागतात. नऊ जमले. चाकणला सेकंड शिफ्ट असलेला माझा भाऊ सारखा घड्याळ बघत होता. दहावे ठाण्याचे शालोमकाका. फोन लावला तर काकूंनी उचलला.

"ते केव्हाच निघाले. मोबाईल इथंच राहिलाय."

बाबा आईच्या फोटोवरचा हार पुन्हा पुन्हा सारखा करत होते. तेवढ्यात बायको गॅलरीतून म्हणाली, "अहो, शालोमकाका खाली गेटवर बसलेत. दाढीसकट."

मी लिफ्टची वाट न बघता धावलो. काका तासाभरापासून वॉचमनच्या खुर्चीत होते. भानुदासनं त्यांना दोनदा चहा पाजला होता, पण वर सोडलं नव्हतं.

"साहेब, तुमीच म्हनले ना? पानी, चहा, समदं दिलं बगा. फकस्त आत नाही सोडलं."

कद्दीश झाला. नंतर मी माफी मागितली, तर बाबा माझ्या हातावर मलिदा ठेवत म्हणाले, "अरे, वाट पाहण्यात आपला हात कोण धरणार? तासाभराचं काय घेऊन बसलास."

मशीहा अजून का आला नाही, हा प्रश्न मला आता पडत नाही. बिचारा केव्हाच आला असेल, आणि कुठल्यातरी गेटवर माझ्यासारख्याच एखाद्या सेक्रेटरीच्या कृपेनं तिसरा चहा पीत बसला असेल!