कापराच्या झाडाखाली

कापूर पेटवला की मला देव नाही, बेळगावच्या कॅम्पातली ती सरकारी बाग आठवते. महायुद्धाचे दिवस होते. शहापुरात शेजारशेजारच्या मागांवर साड्या विणत वाढलेले आम्ही दोघे मित्र पलटणीत भरती व्हायला गेलो होतो. त्याला घेतलं, आणि माझ्या छातीचं माप भरलं नाही म्हणून मला परत पाठवलं. जायच्या आदल्या दिवशी तोच म्हणाला, "चल रं, बाग बघून येऊ." वारं गार होतं, वाळकी पानं पायाखाली वाजत होती. तिथल्या माळ्यानं एका मोठ्या झाडाचं पान चुरगळून आमच्या नाकाशी धरलं. "कापराचं झाड हाय, लई लांबनं आणल्यालं," तो म्हणाला. मित्रानं खोडावर हात ठेवला आणि हसला. "एवढ्या लांबचं झाड हितं रुजलं, मग मी न्हाय व्हय तिकडं रुजणार?" "आणि मी रं?" असं माझ्या ओठावर आलं होतं, पण मी म्हणालो, "व्हय, रुजशील की." फाटकाशी त्याला भरतीतली पोरं भेटली. "तू हो म्होरं, मी आलोच," म्हणत तो त्यांच्या घोळक्यात शिरला. मी रेंगाळत, मागं बघत शहापूरला पोचलो, तरी तो मागनं आला नाही. युद्ध संपल्यावर तो धडधाकट परतला, पुण्याला नोकरीला लागला, सणासुदीला भेटूनही जातो. तुझा दोस्त वाचला, नशीबवान आहेस, असं लोक म्हणतात आणि मी मान हलवतो. त्या दिवसानंतर "चल रं" म्हणणारं मला कुणी उरलं नाही, हे त्यांना कसं सांगू?