पाठकोऱ्या कागदावरचं युद्ध

मला जन्मजात एक खोड आहे. समोरच्या माणसाचं नाक मोठं असलं, की ते कागदावर आणखी मोठं करून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. कारगिलच्या उन्हाळ्यात ही खोड माझ्या चांगलीच अंगाशी आली.

तेव्हा आम्ही कोपरखैरण्याला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी तुर्भ्याला पंपांच्या एका कारखान्यात ट्रेसर होते. म्हणजे इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीने काढलेली ड्रॉइंगं शाईने गिरवायची, डोकं चालवायचं नाही. डोकं मी घरी चालवायचे. रद्द झालेल्या ड्रॉइंगांचे पाठकोरे कागद आणायचे, त्यावर बिल्डिंगमधल्या लोकांची व्यंगचित्रं काढायचे आणि जिन्याखाली सोसायटीच्या बोर्डावर टाचायचे. सेक्रेटरी कुरकुरायचे, पण आपलं चित्र लागलंय का, हे रोज वाकून बघायचेही.

युद्ध सुरू झालं आणि मला कागद पुरेनात. लढाई कुठल्या कुठे, पण आमच्या सोसायटीने अशी कंबर कसली की विचारू नका. दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड काका भिंतीवरच्या नकाशात टाचण्या खोचून रोज लढाई समजावून सांगायचे. नकाशा होता फक्त महाराष्ट्राचा. त्यामुळे काश्मीर बरंच वर, देवाच्या फळीशेजारी गेलं होतं, आणि संध्याकाळी दिवा लावताना काकूंना टाचण्या सांभाळत हात घालावा लागायचा. समोरच्या बाईंनी युद्ध लांबणार म्हणून दहा किलो रवा भरून ठेवला. आमच्याकडची दमट हवा. पंधरा दिवसांत त्यात अळ्या झाल्या. मग त्या रवा चाळून चाळून सगळ्यांना शिरा वाटत सुटल्या.

सेक्रेटरींनी जवानांसाठी स्वेटर गोळा करायचं काढलं. आता खाडीकाठच्या माणसाकडे स्वेटर असून असून कुठला असणार? महाबळेश्वरच्या सहलीला घेतलेला, नाहीतर पोरांच्या शाळेचा. मी बर्फाच्या शिखरावर उभा जवान काढला. अंगात तिसरीतल्या मुलाचा स्वेटर, बेंबी उघडी, खिशावर शाळेचा बिल्ला. अख्खी बिल्डिंग हसली. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींच्या ढिगातून शाळेचे स्वेटर गुपचूप आपापल्या घरी परत गेले.

चित्र काढलं नव्हतं ते फक्त एका घराचं, तळमजल्यावरच्या मावशींचं. माणसं साताऱ्याकडची. यजमान तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, आणि एकुलता एक मुलगा फौजेत. तो त्या वेळी 'वर' होता. वर म्हणजे नक्की कुठे, हे मावशींनाही माहीत नव्हतं. एरवी माझ्या चित्रांत मावशींचा पहिला नंबर. पाण्याच्या टाकीवर पहारा देणाऱ्या मावशी मी किती वेळा काढल्या असतील! पण आता लोक त्यांच्या दारावरून जाताना आवाज खाली करायचे, टँकर आला की त्यांना पुढे सोडायचे, त्यांच्याशी कुणी भांडायचंसुद्धा नाही. त्यांना वगळून मीही स्वतःला मोठी समजूतदार समजत होते.

एका संध्याकाळी मावशी तीन जिने चढून आल्या आणि धापा टाकत दारातच उभ्या राहिल्या.

"सगळ्यांची चित्रं काढलीस. माजंच का न्हाई?"

"मुलगा तिकडे वर असताना कसं काढायचं?" मी म्हणाले.

"माज्या घरातलं कुनी गेलं न्हाई अजून. मग सगळी मिळून सुतक कशाला पाळताय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच होतं त्यांचं. काळजी काळजी म्हणत आम्ही त्यांच्या जित्याजागत्या पोराला मेल्यात जमा केलं होतं.

त्याच रात्री मी चित्र काढलं. मुलाचं पत्र आधी मिळावं म्हणून मावशी पोस्टमनला गेटवरच गाठायच्या आणि बळेबळे चहा पाजायच्या, एक नाही, दोन कप. मी पोस्टमनला पाण्याच्या टाकीवर चढवला. खाली शिडीशी कपबशी घेऊन मावशी म्हणतायत, "आता तरी उतरा, या टायमाला साखर कमी घातलीय." सकाळी मावशी बोर्डापुढे उभ्या राहिल्या तेव्हा जिन्यात सगळे कठड्यावरून वाकून बघत होते. त्या खदखदून हसल्या. नाक भलतंच मोठं काढलंय म्हणाल्या, चित्र बोर्डावरून स्वतःच्या हाताने उतरवून घेतलं आणि त्याच दिवशी पाकिटात घालून मुलाला पाठवून दिलं. कागदाच्या मागे काय आहे, हे ना त्यांनी बघितलं, ना माझ्या ध्यानात आलं.

त्यानंतर पत्रच येईना. एरवी आठ-दहा दिवसांनी यायचं. आता दोन आठवडे गेले, तीन गेले. टीव्हीवर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसायच्या, गावांची नावं सांगायला लागले की मावशी टीव्ही बंद करायच्या. पोस्टमनसाठी चहा ठेवणं त्यांनी सोडलं. त्याची सायकल दिसली की त्या आत निघून जायच्या. मी चित्रं बंद केली. कुठून ही अवदसा आठवली, असं मला रोज वाटायचं. बोर्डावर पाणीपट्टीची नोटीस तेवढी उरली.

आणि एका रविवारी खालून आरडाओरडा ऐकू आला. मावशी जिना चढत होत्या.

"काय गं, काय धाडलंस माज्या पोराला?"

त्यांनी पत्र माझ्या हातात कोंबलं. मी आधी शेवट वाचला. 'तब्येत ठणठणीत आहे.' मग पहिल्यापासून वाचलं. इतके दिवस तो अगदी वरच्या चौकीवर होता, तिथे टपाल नव्हतं. खाली आल्यावर चित्र मिळालं, ते त्याने तंबूत लावलं, पोरं पोट धरधरून हसली. मग एका साहेबांनी कागद उलटा केला. मागे अर्धं मशीन, बाण आणि आकडे! याला उभा करून विचारलं, हे काय आहे? याला काय ठाऊक! शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने ओळखलं, हा तर पाण्याचा पंप. तेव्हापासून तिथे त्याला सगळे पंपवाला म्हणतात.

मावशी मला झापत होत्या. माझ्या पोराला साहेबाची बोलणी खावी लागली, तुला काडीची अक्कल नाही, शिकलेली बाई तू. मी मान खाली घालून ऐकत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की त्यांनी दोन ठेवून दिल्या असत्या तरी चाललं असतं. आणि बोलता बोलताच उंबऱ्यावर बसून, पदर तोंडाशी धरून त्या रडल्या. मीही त्यांच्या शेजारी बसून रडले.

मग डोळे पुसून त्या उठल्या.

"दुसरं काढ," म्हणाल्या. "आन या येळी कोऱ्या कागदावर काढ."

आणि लगबगीने खाली गेल्या. रविवार असूनही पोस्टमन ते पत्र द्यायला मुद्दाम आला होता. त्याला त्यांनी, मी येईपर्यंत हलायचं नाही, असं बजावून ओट्यावर बसवलं होतं, आणि आत गॅसवर चहा ठेवला होता.