बांगडीतली पिन

यवतला माझा फोटो स्टुडिओ होता. एकदा कॉम्प्युटर बिघडला. सगळे फोटो नेटवर्कला जोडलेल्या बॅकअपच्या डब्यात होते, पण त्याचा पासवर्डच मी विसरलो होतो. गावातल्या एका लेकीच्या लग्नातले, तिच्या वडिलांचे शेवटचे फोटोही त्यातच होते.

दौंडहून दुरुस्तीला एक बाई आल्या. बांगडीतली सेफ्टी पिन काढून त्यांनी डब्यामागच्या बारीक छिद्रातल्या बटणावर दाबून धरली.

"फोटो जातील ना?" मी घाबरून विचारलं.

"न्हाई दादा. कुलूप निघंल, घर तसंच राहील."

त्यांच्या लॅपटॉपवर फोटो उघडले. मांडवात वडील हसत उभे होते.

मी नवा पासवर्ड टाकताना बाईंनी तोंड फिरवलं. "कागदावर लिवा आन् वहिनींपाशी ठिवा. एकट्याच्या ध्यानावर सोडू नका."

त्यांचं नाव विचारायचं राहिलं. कागद मात्र बायकोच्या कपाटात अजून आहे.