केसभर ढील

मास्तरांची मुलगी सायकल हातात आली की आधी काही बोलत नाही. पुढचं चाक उचलून फिरवते आणि दुसरा हात चाक धरणाऱ्या चिमट्यावर ठेवते. चाकाच्या मधलं हब कोरडं पडलं असेल तर चिमट्यातून हाताला बारीक खरखर लागते. छर्रा फुटला असेल तर चाक दर फेऱ्याला कुठेतरी अडखळतं. आस वाकली असेल तर ते एकदा घट्ट, एकदा सैल चालतं. यातलं काहीच नसेल आणि तरी चाक चार फेरे घेऊन निमूट थांबत असेल, तर ती गिऱ्हाइकाकडे मान वर करून एवढंच विचारते, "कोणी आवळलं?"

सायकलदुरुस्तीच्या दुकानातल्या बाकड्यावर ती बसायला लागली त्याला आता चार वर्षं झाली. तिच्याआधी आठ महिने तिथे तिचा नवरा बसत होता आणि त्याच्याआधी चाळीस वर्षं तिचे वडील. त्यांना सगळा रस्ता मास्तर म्हणे. शाळेत ते कधी शिकवायला गेले नव्हते, पण समोरच्याला तू ढ आहेस हे पटवून देण्याची कला त्यांच्याकडे होती. माझं ऑफिस दुकानासमोर, आणि माझी सायकल सत्तावीस वर्षं त्यांच्याच हाताखाली. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

जावई खोके बनवणाऱ्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला आणि नवराबायको दुकानावरच्या खोलीत राहायला आली. मास्तरांनी पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकांसमोर अट घातली. "जावईबुवा, फुकट बसू नका. आठ महिने देतो. दर शनिवारी एक हब खोला, धुवा, भरा, बसवा. एक जरी चाक माझ्यासमोर नीट फिरलं, तर बाकडं तुमचं आणि खोलीही तुमची. नाही फिरलं, तर आपला रस्ता धरा."

अट ऐकायला सोपी वाटत होती. हबच्या दोन्ही बाजूंना वाटीत छर्रे असतात आणि आसेवर फिरवून बसवलेला कोन, म्हणजे निमुळत्या तोंडाचा नट, त्यांना आत धरून ठेवतो. कोन सैल राहिला तर चाक डगमगतं, घट्ट झाला तर अडतं. पण यात एक गोम आहे. चाक हातात असताना कोन अगदी बरोबर बसवला, तर सायकलवर चढवल्यावर ते घट्ट होतं, कारण बाहेरचे नट आवळले की कोन केसभर आत दाबला जातो. म्हणून हातात असताना केसभर ढील ठेवायची. आस धरून हलवली तर बोटांना बारीक टक लागलं पाहिजे. नट आवळले की ते टक नाहीसं होतं आणि चाक मोकळं फिरतं.

ही एक गोष्ट मास्तरांनी जावयाला सांगितली नाही. छर्रे कसे धुवायचे, ग्रीस किती भरायचं, पातळ पान्याने कोन कसा धरायचा, सगळं शिकवलं. हे तेवढं पोटात ठेवलं.

मुलीला ते ठाऊक होतं. ती नऊ वर्षांची असताना मास्तरांनीच तिचं बोट आसेवर ठेवून ते टक तिला दाखवलं होतं. पहिल्याच आठवड्यात ती जिना उतरून नवऱ्याजवळ आली आणि म्हणाली, "अहो, हे हातात जरा सैल ठेवा."

दुकानात चार माणसं उभी होती. नवऱ्याला ते लागलं. "तू आता मला शिकवणार? तुझ्या वडिलांनी सांगितलंय, अजिबात सैल नको. तू वर जा, तुझी भांडी घास."

माणसं हसली. ती वर गेली आणि नंतर याबद्दल तिने तोंड उघडलं नाही.

पहिल्या शनिवारी चाक चार फेऱ्यांत थांबलं. दुसऱ्या शनिवारी पाचव्या. जावई रडकुंडीला आला. त्याने नवे छर्रे घातले, नवे कोन घातले, आस बदलून पाहिली. चाक हातात घेतलं की सुरेख चाले, सायकलवर चढवलं की मेल्यासारखं होई. मास्तरांनी त्याचं नाव 'ब्रेकसाहेब' ठेवलं. "आमच्या जावयाने चाक बसवलं की वेगळा ब्रेक लावायला नको. उतारावर सोडा, आपोआप थांबता." हे ते दर शनिवारी म्हणत आणि आम्ही दर शनिवारी हसत असू. मीही हसत होतो. ऑफिस शनिवारी अर्धा दिवस असे, आणि घरी जाण्याआधी ब्रेकसाहेबांचा कार्यक्रम बघून जायचं हे आमच्यातल्या तिघाचौघांचं ठरलेलंच होतं.

तो हळूहळू बोलेनासा झाला. गिऱ्हाइकाने नुसती हाक मारली तरी दचकायचा. बोटांच्या पेरांना पाना सटकून सटकून घट्टे पडले होते. बायको वरून पाणी आणून द्यायची. तांब्या ठेवताना चाकाकडे एकदा बघायची आणि जिना चढायची.

शेवटचा शनिवार आला. चाक पोस्टमनच्या सायकलचं होतं. जावयाने ते दोन तास घेऊन बसवलं. मास्तरांनी दोन बोटांत आस धरून फिरवली, हलवून पाहिली आणि डोळे मिटले.

"वा! लोणी आहे लोणी! पाहा हो, हात लावून पाहा सगळ्यांनी. कुठे टक नाही, कुठे खट नाही. आज जावईबुवांनी नाव काढलं."

आम्ही एकेकाने आस फिरवून पाहिली. जावयाचा चेहरा उजळला. त्याने आठ महिन्यांत पहिल्यांदाच बायकोकडे बघून मान हलवली. ती तांब्या घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती. तिला त्याच क्षणी कळलं असणार, कारण तिने नजर खाली वळवली.

"चढवा," मास्तर म्हणाले.

त्याने चाक चिमट्यात घातलं, नट आवळले. पोस्टमनने चाकाला हात मारला. चार फेरे झाले आणि चाक थांबलं.

"ब्रेकसाहेब," मास्तर शांतपणे म्हणाले, "सामान आज बांधताय की उद्या?"

मोठा हशा झाला. पोस्टमन तर सायकलच्या सीटवर डोकं टेकून हसत होता. जावई पाना हातात घेऊन तसाच उकिडवा बसून राहिला.

मुलीने तांब्या पायरीवर ठेवला, पुढे येऊन नवऱ्याच्या हातातून पाना काढून घेतला. नट सैल केले, चाक उतरवलं, कोन जागी धरून ठेवणारा चेकनट सोडला, पातळ पान्याने कोन जरासा मागे घेतला, चेकनट पुन्हा बसवला. आस हलवली. टक आमच्यापर्यंत ऐकू आलं. मग तिने चाक चढवलं, नट आवळले आणि फिरवलं.

चाक बराच वेळ फिरत राहिलं. शेवटी हवेच्या व्हॉल्व्हची जागा वजनाने खाली आली, चाक जरा मागे, जरा पुढे झुललं आणि व्हॉल्व्ह बरोबर तळाशी येऊन थांबला. उत्तम बसलेल्या हबची हीच खूण.

"तुला येत होतं?" नवऱ्याने विचारलं.

"हो."

"आठ महिने तू बघत होतीस?"

"सांगायला आले होते. तुम्ही भांडी घासायला पाठवलंत. घासली."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "बाकडं हिचं! आणि जावईबुवांना कुठे जायचं नसेल तर त्यांनी हिच्या हाताखाली छर्रे धुवावेत. काय गं, ठेवतेस का कामाला?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिथे तिने एक शब्द चांगला बोलायला हवा होता, असं मला आजही वाटतं. ती म्हणाली, "रॉकेलमध्ये धुवा. पाण्याने गंजतात."

संध्याकाळी तो ट्रंक घेऊन खाली आला. "चल," तो म्हणाला.

ती दुसऱ्या एका चाकावर वाकलेली होती. "हातातलं एवढं होऊ दे."

तो ट्रंक ठेवून दारात उभा राहिला. चाक झालं. तिने ते भिंतीला टेकवलं आणि शेजारचं ओढून घेतलं. तेव्हा त्याने ट्रंक उचलली.

मास्तर आता कामाचे राहिलेले नाहीत. बोटांतली जाणीव गेली आहे, हात थरथरतात. बाकड्याच्या कडेला स्टुलावर बसून ते कधी एखाद्या चाकाला हात घालायला जातात. मुलगी गिऱ्हाइकांसमोरच म्हणते, "बाबा, ठेवा ते. चार फेऱ्यांत थांबवाल. पंक्चरची बादली धरा." गिऱ्हाइकं हसतात. मास्तर बादली धरतात. मग ती मान न वर करता म्हणते, "सरळ धरा, पाणी सांडतंय."

जावई गोदामात हमाली करतो आणि रोज सकाळी त्याच रस्त्याने सायकलवर जातो. त्याच्या पुढच्या चाकाचा कोन फार आवळलेला आहे आणि हब कोरडं पडलं आहे. दुकानाआधीच्या चढावर तो उभा राहून पायडल मारतो, तरी सायकल रडतखडत चढते. शंभर पावलांवरून चाकाची खरखर ऐकू येते. एकदा पोस्टमन त्याला म्हणाला, "अरे, दोन मिनिटांचं काम आहे, थांब की दुकानात." तो थांबला नाही.

खरखर जवळ येते तसे मास्तर मुलीकडे बघतात. ती आस हलवून टक तपासत असते. आवाज दुकानावरून पुढे जाईपर्यंत ती तपासत राहते.