आधी पंप, मग आरती

आमच्या तालुक्याच्या गावी वडिलांची पिठाची गिरणी होती. वादळात लाईट गेली की ती आधी आमदारांच्या गल्लीत यायची, मग डॉक्टरांच्या, आणि आमच्याकडे सगळ्यांत शेवटी. तोवर दळणाचे डबे तसेच पडून. वडील म्हणायचे, "आपली ओळख नाही ना कुणाशी." त्याच गिरणीवर त्यांनी मला इंजिनिअर केलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. ते उपकार मी विसरत नाही, आणि ते वाक्यही.

आता मी परदेशात, स्लोटरडाइकला एका डच वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात आहे. वादळानंतर दुरुस्तीची टोळी आधी कुठे जाणार, हे आम्ही ठरवतो. इथे घरोघरीच्या तारा जमिनीखालून जातात, म्हणून लोकांना वाटतं, वाऱ्याने काय होणार? पण सप्टेंबरात झाडं पानांनी जड असतात. एखादं उन्मळलं की मुळांत अडकलेली केबलही वर ओढली जाते.

तसं वादळ एका वर्षी नेमकं गणपतीत आलं. हूफडॉर्पला आमच्या मंडळाचा गणपती ज्या हॉलमध्ये बसतो, तो भाग अंधारात गेला. केबल जोडणारी एकच टोळी मोकळी होती. त्याच भागात पोल्डरचं, म्हणजे बांध घालून कोरड्या केलेल्या सखल जमिनीचं, पाणी उपसणारा पंप जनरेटरवर होता, आणि जनरेटर धापा टाकत होता. पाऊस थांबत नव्हता. ही सगळी जमीन समुद्राच्या पातळीखालची. पंप थांबला तर सखल वस्तीत पाणी शिरणार.

दुपारी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. या देशात मी नवी, एकटी होते तेव्हा कितीतरी दिवस त्यांच्याच घरी जेवले होते.

"अगं, तू तिथेच बसलीयेस ना? मग आपल्या हॉलचं बघ की जरा. संध्याकाळी सगळी मंडळी येणार."

"काका, टोळी आधी पंपाकडे जातेय. हॉल नंतर."

"का? पंपाची आरती करायचीय?"

"पंप बंद पडला तर विसर्जन हॉलमध्येच होईल, काका."

ते हसले नाहीत. "आपलं माणूस मोठ्या जागी बसून उपयोग काय मग?"

"हाच उपयोग."

त्यांनी फोन ठेवला.

शेजारच्या डच पाळीप्रमुखाने माझा चेहरा पाहून विचारलं. मी सांगितलं. तो मनापासून म्हणाला, "हॉल वाटेवरच आहे. क्रम तू लावतेयस, तूच ठरव." म्हणजे मला कुणी जाबही विचारला नसता. आणि काकांचं घर सोडलं तर हक्काने जावं असं एकही दार मला इथे नव्हतं. तरी टोळीला मी थेट पंपाकडे पाठवलं.

पंपाला वीज मिळाली तेव्हाच मी ऑफिस सोडलं. वाटेत पावसात भिजले, तशीच हॉलमध्ये गेले. समया आणि मोबाईलच्या उजेडात आरती सुरू होती. ताट हातोहात फिरत होतं. माझ्या शेजारणीच्या हातून काकांनी ते घेतलं आणि माझ्यापलीकडच्या बाईंकडे दिलं. बायका खाली बघू लागल्या.

मी मागे सरले नाही. तिथेच उभी राहून टाळ्या वाजवत, सगळ्यांच्या वरच्या पट्टीत आरती म्हटली. हॉलमध्ये लाईट अजून आली नव्हती. नंबर लागला की येणार होती.