तिरुपतीला न गेलेल्या बायका

भुसावळहून सुरतेला जाणारी पॅसेंजर अमळनेरला उशिरा आली, आणि मी आधीच चिडलेली होते. आदल्या दिवशी शाळेत माझ्यासाठी सुरतेहून फोन आला होता. माझ्या चुलत बहिणीचा, कुसुमचा नवरा एसटीडी बूथवरून कुजबुजत होता.

"ताई, कुसुम पुढचा डोस घ्यायला नाही म्हणते. तीनच दिवस राहिलेत. तुम्ही या."

"कसला डोस?"

"तो... त्या आजाराचा."

"कुठल्या आजाराचा? नीट बोला ना!"

"ताई, इथं लोक उभे आहेत."

शेवटी तो शब्द मीच उच्चारला. कॅन्सर. मुख्याध्यापकांनी दचकून वर पाहिलं. पाहू देत. चार वर्षांपूर्वी मुंबईत माझाही एक स्तन काढला, तेव्हा मी अख्ख्या स्टाफरूमला सांगून गेले होते. इथं कुसुमचं ऑपरेशन झालं, केमोचे दोन डोस झाले आणि मला पत्ता नाही! बाईच्या अंगाला काही झालं की घरादाराची वाचा बसते. नवऱ्याचं अपेंडिक्स काढलं असतं तर गावभर पत्रं गेली असती.

नंदुरबार सोडलं की डबा निम्मा अहिराणीत आणि निम्मा गुजरातीत बोलू लागतो. नवापूरनंतर सागाचं रान लागलं, व्यारा गेलं, आणि बारडोलीजवळ दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मळीच्या वासानं समोरच्या आजींनी नाकाला पदर लावला. उधन्याला निम्मा खान्देश गाठोड्यांसकट खाली उतरला. मीही उतरले आणि भेस्तानची रिक्षा केली. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर या शहरानं कात टाकली म्हणतात, ते खरं आहे. रस्ते झाडलेले होते, कचऱ्याचे ढीग दिसले नाहीत.

कुसुमची वसाहत म्हणजे एकासारख्या एक खोल्यांच्या रांगा. मागं कारखान्यांची खटखट दिवसरात्र चालू. कुसुम डोक्यावरून घट्ट पदर घेऊन दारात बसली होती. भुवयासुद्धा विरळ झाल्या होत्या. मला पाहून उठली, पण जवळ आली नाही.

कुसुमच्या सासूबाईंनी शेवभाजी आणि भाकरी केली होती. बाईच्या हाताला चव आहे, नाही म्हणणार नाही. पण कुसुमची थाळी आणि पेला खिडकीत वेगळा ठेवलेला दिसला आणि माझा घास हातातच राहिला.

"हे काय?"

"घरमा लेकरं शेतस, बाई," सासूबाई म्हणाल्या. (घरात मुलं आहेत.)

म्हणजे शहरानं रस्ते धुतले, पण हे धुणारं कोणी नव्हतं. मी उठले, कुसुमची थाळी घेतली आणि तिच्याशेजारी बसून त्याच थाळीतून जेवले. कॅन्सर थाळीतून पसरत असता तर माझं घर कधीच रिकामं झालं असतं, हेही सांगितलं. 

तेवढ्यात शेजारच्या हंसाबेन आत आल्या. आल्या आल्या त्यांनी वाकून कुसुमच्या पायांना हात लावला आणि सासूबाईंकडे वळल्या. "परसाद तो आपो!" (प्रसाद तर द्या!) सासूबाईंनी निमूट डबा उघडून बुंदीचा लाडू दिला. मी बघत राहिले. हंसाबेन कुसुमला विचारत होत्या, "वाळ आप्या, तो मानता फळी?" (केस दिलेत, मग नवस फळला?) कुसुमनं मान खाली घातली. तिकीट किती, गाडी कुठून, बाईमाणसानं एकटीनं गेलं तर चालतं का, हंसाबेनचे प्रश्न संपेनात.

त्या गेल्यावर उलगडा झाला. केमोनं कुसुमचे केस गेले तेव्हा घरच्यांनी सांगितलं की, सूनबाईनं तिरुपतीला केस दिले. लाडू कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याचे. वाहवा! औषधाच्या मळमळीनं आतडी पिळवटली हिची, आणि श्रेय गेलं बालाजीला. बाहेर लोक पाया पडतात आणि घरात थाळी वेगळी.

"मनी पोरनं लगीन बाकी शे," सासूबाई म्हणाल्या. (माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय.) "लोके काय म्हणतीन?" त्यांचे डोळे भरले होते. भीती खरी होती, ते मला दिसत होतं. पण त्या भीतीची किंमत एकट्या कुसुमनं का द्यावी?

कुसुमला मी समजावलं, रागावले, पुन्हा समजावलं. माझ्याकडे बघ, मी उभी आहे ना? ती शांतपणे म्हणाली, "ताई, तुनी गोष्ट येगळी शे. तुना केस गयात का?"

नव्हते गेले. माझं ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) एवढ्यावर भागलं होतं, केमो लागलीच नाही. नोकरी होती, मुंबई होती. हे असंच राहणार की कधी संपणार, एवढंच तिला कळायला हवं होतं, आणि ते मी कुठल्या तोंडानं सांगणार? डॉक्टर तिच्याशी बोलतच नव्हते, जे सांगायचं ते तिच्या नवऱ्याला सांगत. जणू गाठ त्याला झाली होती.

दुसऱ्या दिवशी डोकं शांत व्हावं म्हणून बाहेर पडले. थंडीचे दिवस, पोंक (ज्वारीचा कोवळा हुरडा, आपलाच) गाड्यांवर आला होता. सुरतेत त्यावर लिंबूमिऱ्याची शेव घालून खातात. पुडी बांधून घेतली आणि परतताना रस्ता चुकले. सगळ्या रांगा सारख्याच. नळावरच्या बाईला विचारलं, "तिरुपतीला केस दिलेल्या बाईचं घर कुठलं?"

"ते काय, निळं दार."

दार निळं होतं, पण उघडणारी बाई कुसुम नव्हती. चाळिशीची, ठसठशीत कुंकू, डोक्यावर बोटभर लांबीचे कुरळे केस. मी ओशाळले. "मी दुसरीकडे आले वाटतं. माझ्या बहिणीनं तिरुपतीला केस दिलेत, तिचं घर शोधत होते."

बाईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "डोस किती झाले तिचे?"

मी तिथंच पायरीवर बसले. तिचं नाव विमल. परभणीकडची, नवरा बांधकामावर. "आमच्या घरच्यांनी बी तिरुपतीच सांगितलं," ती म्हणाली. "कुठं पाहिलंय मी तिरुपती! परभणीच्या पुढं गेले ती डायरेक सुरतेला आले." दोघी हसलो. मग मला रडू आलं, आणि रडता रडता रागही. दोन रांगांच्या अंतरावर दोघी बायका एकच खोटं पांघरून, एकेकट्या कुढत होत्या.

विमल तशीच माझ्याबरोबर निघाली. कुसुमसमोर बसली आणि डोकं पुढं केलं. "हात लाव. लाव की. आधी सरळ होते, आता कुरळे आले."

कुसुमनं भीत भीत हात लावला. मग दोन्ही हात.

"उलट्या थांबतेत. तोंडाची चव येते. चौथ्या डोसाला मलाबी वाटलं, बास झालं. गेले तरी." मग विमलनं ब्लाउजमधून एक कापडी थैली काढून कुसुमच्या हातावर ठेवली. "काढलेल्या बाजूला ही ठेवते. मोहरी भरलीय. बाळाच्या उशीत भरतो ना, तसली. कापूस हलका पडतो, ब्लाउज वर सरकतो. ही बसून राहते." कुसुम थैली तळहातावर तोलत राहिली आणि कित्येक आठवड्यांनी हसली.

सासूबाई दारातून पुटपुटल्या, "लोके..."

"मावशी," विमल म्हणाली, "सून गेली तर लग्नघरात सुतक येईल. त्ये चालंल का?"

सासूबाई आत गेल्या. थोड्या वेळानं चहा आला. पेले सगळ्यांचे एकसारखे होते.

डोसाच्या दिवशी सकाळी आम्ही तिघी निघालो. कुसुमनं पदर डोक्यावर घेतला नव्हता. हंसाबेन दारातच होत्या. "क्यां चाल्या?" (कुठे निघालात?)

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण कुसुमच बोलली. "दवाखान्यात. माले कॅन्सर शे. तिरुपती मी आजून देखेल नही." (तिरुपती मी अजून पाहिलेलं नाही.)

हंसाबेनचा चेहरा उतरला. फसवलं म्हणून रागावणार असं वाटलं. त्या पुढं आल्या, कुसुमचा हात धरला आणि अगदी हळू म्हणाल्या, "मने पण गांठ छे." (मलाही गाठ आहे.)

म्हणून ते तिकिटाचे प्रश्न. गाठ जावी म्हणून केस द्यायला ही बाई एकटी तिरुपतीला निघाली होती, कारण शेजारणीनं केस दिलेले तिनं डोळ्यांनी पाहिले होते. दिवाळीपासून गाठ होती आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या अब्रूच्या लाडवांनी त्या बाईचे केवढे दिवस खाल्ले! रिक्षात आम्ही चौघी दाटीवाटीनं बसलो. कुसुमनं डोस घेतला. हंसाबेनची तपासणी झाली. निकाल यायचा होता आणि तो घ्यायला विमल बरोबर जाणार होती.

परतीच्या गाडीत समोर एक तरुण बाई मूल घेऊन बसली होती. सासूबाईंनी डब्यात उरलेले लाडू मला बांधून दिले होते. मी पुडी सोडली आणि तिच्यापुढं धरली. तिनं लाडू कपाळाला लावला. "कुठल्या देवाचा प्रसाद, मावशी?"

"कुठल्याच नाही. भेस्तानच्या मिठाईवाल्याचा आहे. खा."

आणि नंदुरबार येईपर्यंत, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात, मी तिला सगळं सांगितलं.